जेवणाचा खर्च : समुद्री गोगलगायींच्या निमित्ताने

(कळंब, जि. यवतमाळ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका गृहस्थांनी आयोजकांना विचारलं म्हणे, "समुद्रातल्या गोगलगायी? अन् कळंबात?" प्रश्न रास्त आहे. इथून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरच्या पुढे भरतो. २०२४ पासून वर्धेची रेल्वे कळंबपर्यंत आली, पण तिच्या वाटेवर काही समुद्र लागत नाही. पाणी वर चढणं ही आपल्याकडे केवढी मोठी गोष्ट असते! चिंतामणीच्या देवळात कुंडाचं पाणी चढून गणपतीच्या पायाला लागावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. रत्नागिरीला ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, त्याचं कोणाला अप्रूप नाही.

तरीही आपल्या जिल्ह्याचा आणि समुद्राचा काही संबंध नाही, असं म्हणू नका. वणी-मुकुटबनच्या पट्ट्यात जी चुनखडी आहे, ती समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. तिचं वय शंभर कोटी वर्षांच्या आसपासचं. त्या समुद्रात गोगलगाय नव्हती, कारण ती अजून जन्मायचीच होती. विदर्भात गोगलगाय सापडते ती त्यानंतर फार उशिरा, आणि तीही गोड्या पाण्यातली. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत होते, दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत होती, आणि त्या तळ्यांत फायसा नावाची छोटी गोगलगाय राहत होती. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपूरच्या मिशनऱ्यांनी टाकळीच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे जीवाश्म गोळा केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे शंख आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. त्यांचा आकार कळतो, जात कळते. पण हा प्राणी खाल्ल्यावर किती श्वास घ्यायचा आणि उपाशी असताना किती, हे दगडावरून कळत नाही. त्याला जिवंत प्राणी लागतो, बाटली लागते आणि धीर लागतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचा वर्गात एक हट्ट असायचा असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. कोणी आकडा सांगितला की ते विचारायचे, "कधी मोजला? कशाने मोजला?" आजचं माझं सगळं बोलणं त्यांच्या पहिल्या प्रश्नाभोवती फिरणार आहे.

समुद्रापासून लांब राहून समुद्राचा अभ्यास करणं ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. औरंगाबादला कुठे समुद्र आहे? पण मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडीतल्या कॅटेलिसिया ओपिमा या शिंपल्याचा अभ्यास उभा केला. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात, त्यांच्याच कुळातला हा प्राणी. त्याची वाढ, त्याचा विणीचा हंगाम, त्याला लागणारा प्राणवायू असं सगळं तपासलं गेलं. मराठवाड्यातल्या मुलांनी खाडीच्या चिखलात उतरून केलेलं हे काम आहे, आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

मात्र शिंपल्याची एक अडचण आहे. तो पाणी गाळून खातो. ज्या कल्ल्याने श्वास घ्यायचा त्याच कल्ल्याने अन्नाचे कण धरायचे. पाणी आत येतं आहे तोवर त्याचं जेवण चालूच. मग जेवणाआधीचा श्वास कोणता आणि जेवणानंतरचा कोणता, हे वेगळं काढायचं कसं? गोगलगायीचं तसं नाही. विशेषतः मांसाहारी समुद्री गोगलगायीचं जेवण म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेली एक घटना असते. ती शिकार शोधते, धरते, पोखरते, खाते, मग दिवसेंदिवस गप्प बसते. खाण्याचा शरीराच्या गतीवर काय परिणाम होतो हे बघायला याहून सोयीचा प्राणी मिळणं अवघड.

आता शरीराची गती म्हणजे काय आणि ती मोजायची कशी? चयापचयाचा दर हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे. सजीवाने एका तासात किती ऊर्जा खर्च केली, तो हा दर. ऊर्जा थेट मोजणं कठीण, म्हणून आपण प्राणवायू मोजतो, कारण अन्न जाळायला तो लागतो. प्राणी बाटलीत ठेवायचा, बाटली पाण्याने काठोकाठ भरून बुडबुडा न राहता बंद करायची, आणि ठरावीक वेळाने पाण्यातला प्राणवायू किती घटला ते बघायचं. बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये यासाठी जी रासायनिक पद्धत दिली, ती आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने हाताने केलेली आहे. मँगनीज सल्फेट टाका, अल्कली-आयोडाइड टाका, तपकिरी साका बसेल, त्यावर आम्ल टाका, मग थायोसल्फेटचा एकेक थेंब सोडत जा. स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला उडाला तो थेंब धरा. एक थेंब जास्त पडला की सगळी मेहनत पाण्यात. आज सेन्सर आले, संगणकावर आलेख आपोआप निघतो. पण त्या निळ्या रंगाने आमच्या पिढीला जो सावधपणा शिकवला, तो सेन्सर शिकवत नाही असं माझं म्हातारपणीचं मत आहे. तरुणांनी ते मनावर घेतलं नाही तरी चालेल.

समुद्राच्या पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? आपल्या उबदार किनाऱ्यावर एका लिटर पाण्यात जेमतेम पाच मिलिलिटर. एका लिटर हवेत तो दोनशेहून अधिक मिलिलिटर असतो. म्हणजे इतक्या कृपण माध्यमात राहणाऱ्या प्राण्याला श्वासाचा खर्च वाढवणं परवडणारं नाही. आणि तरी, पोट भरल्यावर तो वाढतोच.

हे माणसाच्या बाबतीत आधी लक्षात आलं. इटलीचे सांक्तोरिओ स्वतःच तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवत, आणि खाल्लेलं, बाहेर टाकलेलं, उरलेलं असा ताळा मांडत. त्यांचं पुस्तक १६१४ चं. पण त्यांच्या हाताशी फक्त वजन होतं. प्राणवायूचा हिशेब लावला तो फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी. त्यांचे सहकारी सेगॅं यांच्या तोंडावर मुखवटा बसवून त्यांनी श्वास मोजला आणि दाखवलं की थंडीने, श्रमाने आणि जेवणाने प्राणवायूचा वापर वाढतो. श्रमाचं कोणालाही पटेल. पण गप्प बसून जेवण पचवणाऱ्या माणसाला जास्त हवा का लागावी? राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला आणि तो प्रश्न पुढच्या शतकावर गेला. जर्मनीच्या माक्स रुबनर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९०२ च्या ग्रंथात त्याला व्यवस्थित रूप दिलं. मांस खाल्ल्यावर उष्णता सर्वांत जास्त वाढते, पिठूळ पदार्थांनी आणि चरबीने कमी, हे त्यांनी दाखवलं. शास्त्रात याला स्पेसिफिक डायनॅमिक ॲक्शन म्हणतात. इतकं लांबलचक नाव घेऊन आपल्याला संध्याकाळ घालवायची नाही. मी याला जेवणाचा खर्च म्हणेन.

आपण मिश्र आहार घेतो तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा ते अन्न हाताळण्यातच जातो. ब्रह्मदेशी अजगराची तऱ्हा याच्या उलट्या टोकाची. महिनाभर उपाशी असलेला अजगर स्वतःच्या वजनाइतकं भक्ष्य गिळतो, तेव्हा त्याचा चयापचयाचा दर चाळीसपटीच्याही वर गेल्याची नोंद स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात केली. गोगलगाय यांच्या मध्ये कुठेतरी बसते. बहुतेक मोजमापांत तिचा दर जेवणानंतर साधारण दीड ते तीनपट होतो. आकडा नाट्यमय नाही. त्याच्या पोटात काय काय आहे ते मात्र बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, खर्च जेवणाआधीच सुरू होतो. नासारियस नावाची छोटी समुद्री गोगलगाय चिखलात स्वतःला पुरून घेते आणि श्वसननळीचं टोक तेवढं वर ठेवते. आसपास मासा मरून पडला की त्याचा वास पाण्यातून त्या नळीपर्यंत पोचतो आणि चिखलातून गोगलगायी एकामागून एक बाहेर पडतात. क्रिस्प, डेव्हनपोर्ट आणि शमवे यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश किनाऱ्यावरच्या नासारियस रेटिक्युलेटसवर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात खाण्याबरोबरच नुसत्या अन्नाच्या अर्काचा परिणामही तपासला होता. वास लागला की प्राणवायूचा वापर चढतो. घास तोंडात पडायचा आहे आणि शरीराने खर्च सुरू केलेला आहे. अन्न मिळेल याची खात्री नसताना केलेला हा खर्च आहे, हे ध्यानात घ्या.

दुसरी गोष्ट, घास मिळवण्याची मेहनत. आपल्या कोकण किनाऱ्यावर थाइस गटातल्या शिकारी गोगलगायी खडकांवर दिसतात. त्या कालवं खातात, खडकाला चिकटलेले बार्नॅकल हे कवचधारी जीव खातात. कालवाचं कवच फोडायला माणसाला कोयती लागते. गोगलगायीकडे काय आहे? जिभेवर दातांची पट्टी, म्हणजे कानशीच, आणि पायाच्या तळाशी आम्ल सोडणारा एक लहानसा अवयव. आधी आम्लाने चुना मऊ करायचा, मग कानशीने खरवडायचा, पुन्हा आम्ल, पुन्हा कानस. अमेरिकेचे मेलबर्न कॅरिकर यांनी कालवं पोखरणाऱ्या युरोसाल्पिंक्सच्या या कारागिरीवर आयुष्याची कित्येक वर्षं घातली. एक भोक पाडायला तास नाहीत, कित्येकदा दिवस लागतात. त्या सगळ्या काळात प्राणी जागचा हलत नाही, आणि वरून बघणाऱ्याला तो झोपला आहे असंच वाटतं.

तिसरी गोष्ट चिकटा. गोगलगाय चालते ती स्वतः तयार केलेल्या वाटेवर, आणि ती वाट प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या पटेला या टोपीसारख्या शंखाच्या ऊर्जेचा हिशेब १९९० मध्ये मांडला गेला. त्यात खाल्लेल्या ऊर्जेचा जवळपास पाव हिस्सा एकट्या चिकट्यावर जात होता. पटेला शेवाळ खरवडायला निघते आणि आपल्या जागी परत येते, म्हणजे जेवायला जाण्यायेण्याचंच भाडं पाव हिस्सा! याला जेवणाचा खर्च म्हणायचं की प्रवासाचा, यावर शास्त्रज्ञ वाद घालतात. गोगलगाय दोन्ही एकाच खिशातून भरते.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि ती डोळ्याला दिसत नाही. पोटात गेलेलं मांस तुटून त्याचे सुटे भाग रक्तात येतात, आणि त्यांतून प्राणी स्वतःची प्रथिनं घडवतो. नवे स्नायू, नवी अंडी, नवं पाचकद्रव्य. खर्च पचवण्याचा कमी आणि घडवण्याचा जास्त, हे माशांवरच्या एका प्रयोगाने फार स्वच्छ दाखवलं. ब्राउन आणि कॅमेरॉन यांनी १९९१ मध्ये कॅटफिशच्या रक्तात थेट अमिनो आम्लं सोडली. म्हणजे चावणं नाही, गिळणं नाही, आतड्याचं काम नाही. तरीही प्राणवायूचा वापर वाढला. मग प्रथिनांची घडण रोखणारं औषध दिलं, आणि ती वाढ नाहीशी झाली. गोगलगायीचं शरीर माशाहून साधं असलं तरी प्रथिनं घडवायची रीत तीच आहे.

जिनिंगवाल्यांना हे लगेच कळेल. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आल्या की यंत्रं सुरू होतात, विजेचं बिल वाढतं, मजूर वाढतात, गाठी बांधायचं काम रात्री चालतं. ते बिल बघून कोणी म्हणत नाही की कारखाना तोट्यात चालला. बिल वाढलं कारण माल आला. मालाची आवक संपली की यंत्रं थांबतात, तरी चौकीदाराचा पगार असतो आणि कार्यालयातला दिवा असतो. आता कोणी जूनमध्ये येऊन एका जिनिंगचं बिल पाहिलं, दुसऱ्याचं डिसेंबरमध्ये पाहिलं, आणि दुसरा कारखाना उधळ्या आहे असा निष्कर्ष काढला तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आमच्या शास्त्रात असं होतं. पुष्कळदा होतं. या जातीची गोगलगाय ताशी इतका प्राणवायू वापरते, असं छापलेलं असतं. आकार किती, तापमान किती, पाण्याची क्षारता किती, हे सगळं असतं. तिने शेवटचं कधी खाल्लं ते मात्र नसतं, किंवा 'प्रयोगापूर्वी चोवीस तास उपाशी ठेवली' असं एक वाक्य असतं. चोवीस तास! ज्या प्राण्याला एक शिंपला पोखरायला दिवस लागतात, त्याच्या पोटातलं जेवण चोवीस तासांत संपलं हे कोणी ठरवलं? उंदरासाठी ठरलेला नियम शंखाला लावला. आणि थंड पाण्यात तर हे फारच चुकतं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात नॅसेला नावाची टोपीशंखी राहते. ब्रिटनचे लॉइड पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राण्यांवर जे काम केलं त्यातून दिसलं की गोठायला आलेल्या पाण्यात जेवणानंतरचा चढ बुटका असतो आणि लांबच लांब पसरतो. तो तासांत नाही, दिवसांत मोजावा लागतो. रत्नागिरीच्या कोमट पाण्यात तो लवकर उरकतो. दोन ठिकाणचे प्राणी सारखाच वेळ उपाशी ठेवून तुलना केली, तर एक खरंच रिकाम्या पोटी असतो आणि दुसरा अजून पंगतीतच असतो.

आता दुसरी बाजू. खाल्ल्यावर दर चढतो हे ठीक, पण न मिळाल्यावर काय होतं? जेवणाचा खर्च संपला की दर मूळ पातळीवर यावा आणि तिथे थांबावा, असं वाटेल. तो थांबत नाही, आणखी खाली जातो. प्लिमथच्या बेन आणि स्कलर्ड यांनी १९७८ मध्ये न्युसेला लॅपिलस या शिकारी गोगलगायीवर केलेल्या मोजमापांत हे दिसतं. खाणारा प्राणी वरच्या पातळीवर असतो आणि उपासाचे दिवस वाढत जातात तसतसा दर उतरत राहतो. किनाऱ्यावरच्या लिटोरिना या गोगलगायीवर काम करणारे आर. सी. न्यूएल यांनीही उपाशी प्राण्यांत अशीच उतरण दाखवली. म्हणजे मूळ पातळी अशी दगडावर कोरलेली रेघ नाहीच. प्राणी ती स्वतः खाली सरकवतो. पाचकग्रंथी आक्रसते, पाचकद्रव्यं कमी बनतात, जुनी प्रथिनं मोडून नवी करायची घाई थांबते.

हे प्रयोगशाळेतलंच नाही. अमेरिकेच्या ऑरेगॉन किनाऱ्यावर एलिझाबेथ डालहॉफ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये न्युसेलाचीच दुसरी जात दोन ठिकाणी तपासली. जिथे शिंपले आणि बार्नॅकल मुबलक, तिथल्या गोगलगायींची शारीरिक यंत्रणा चढ्या गतीने चालत होती. जिथे शिकार विरळ, तिथल्या हळू. जात एकच, समुद्रही एकच. म्हणून मला वाटतं, चयापचयाचा दर हा प्राण्याचा गुण म्हणून जो आपण शिकवतो, तो बऱ्याच अंशी त्या जागेचा गुण आहे. खडकावर किती अन्न आहे, याची ती नोंद आहे.

माणूस यातून सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटात अँसल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचा विश्रांतीतला चयापचय सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. ते सतत गारठलेले असत, नाडी मंद झाली होती, हालचाल नकोशी झाली होती. मेळघाटातलं किंवा कोणत्याही पाड्यावरचं अशक्त मूल मलूल बसलेलं दिसलं की कोणी त्याला सुस्त म्हणतं. त्याच्या शरीराने खर्च कमी केलेला असतो, म्हणून ते बसलेलं असतं. आणि हो, दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खा म्हणजे चयापचय वाढून वजन उतरतं, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. जेवणाचा खर्च एकूण खाण्यावर आणि त्यातल्या प्रथिनांवर ठरतो. ताटं किती वेळा मांडली यावर तो वाढत नाही. तेवढ्यासाठी पैसे देऊ नका.

आता उन्हाकडे येऊ, कारण उन्हाबद्दल यवतमाळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. थंड रक्ताच्या प्राण्याचा दर तापमानाबरोबर चढतो. दहा अंश वाढले की साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. म्हणजे उन्हाने खर्च वाढला. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली गोगलगाय खाणार कधी? खडक ओला असेल तेव्हाच. सुकतीला खडक तापतो, ती कवचात शिरते, दार लावते. खडकाच्या वरच्या अंगाला राहणारीच्या वाट्याला पाणी फक्त उधाणाला येतं, आणि भांगाच्या दिवसांत ते पोचतच नाही. असा खर्च चढता आणि जेवणाची वेळ घटती, ही तिची कात्री आहे.

ती यातून कशी निभावते हे ब्रुनेईत डेव्हिड मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, आणि मला तो निष्कर्ष वाचून आनंद झाला होता. एकिनोलिटोरिना मलाकाना ही बोटाच्या पेराहून लहान गोगलगाय तापलेल्या खडकावर चिकट्याच्या थेंबाने स्वतःला टांगून ठेवते. ३५ ते ४६ अंशांच्या पट्ट्यात तिचा विश्रांतीतला चयापचय तापमान वाढूनही वाढत नाही. ठोकताळ्याने तो दुपटीच्या वर जायला हवा होता. जिथे खायला मिळणारच नाही, तिथे खर्च वाढू द्यायचा नाही, अशी ही जात घडलेली आहे. शिकारी थाइसला ही सोय तितकी नाही, कारण ती खालच्या, ओल्या पट्ट्यातली. समुद्र तापत जाईल तसं कोणाचं काय होईल याचे अंदाज बांधताना बरेच जण फक्त तापमान सहन होण्याची मर्यादा बघतात. त्या मर्यादेच्या पुष्कळ आधी, रोजच्या जमाखर्चात तूट येऊन प्राणी हरू शकतो. तो मरत नाही, वाढायचा थांबतो, अंडी कमी घालतो, आणि दहा वर्षांनी खडक रिकामा दिसतो.

आपल्या वावरातल्या गोगलगायीबद्दल बोलल्याशिवाय मला तुम्ही इथून जाऊ देणार नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायीने सोयाबीनचे कोंब खाऊन टाकले, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. ही आफ्रिकेची. विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रजाने १८४७ मध्ये कलकत्त्याच्या बागेत तिला सोडलं, आणि पुढचं काम तिने स्वतः केलं. ती जमिनीवरची आहे, फुप्फुसाने श्वास घेते, पण हिशेब तोच. उन्हाळ्यात ती मातीत, बांधाच्या दगडाखाली शिरते, कवचाच्या तोंडाला पडदा लावते आणि चयापचय इतका खाली आणते की महिनोनमहिने अन्नपाण्याशिवाय राहते. मृगाचा पाऊस पडला की पडदा फोडून बाहेर येते. त्या वेळी तिचा साठा संपत आलेला असतो, शरीर पुन्हा उभारायचं असतं, अंडी घालायची असतात, आणि समोर दोन पानांवर आलेलं सोयाबीन असतं. नुकसान पहिल्या पंधरवड्यात का होतं ते यातून कळतं.

उपायही त्याच वेळी लागू पडतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाच्या कडेने टाकावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा चुन्याच्या द्रावणात बुडवाव्यात, असं कृषी विद्यापीठं सांगतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही आहेत, पण त्या कुत्र्यांना आणि जनावरांना घातक, तेव्हा जपून. भुकेली गोगलगाय वासाकडे जाते हे नासारियसने आपल्याला दाखवलंच आहे. जुलै सरता सरता वावर हिरवंगार झालं, पोट भरलेलं असलं, की तुमच्या गुळाची तिला तेवढी ओढ राहत नाही. एका शेतकऱ्याने हे करून चालत नाही, शिवारभर एकदम करावं लागतं, हेही तुम्हाला माहीत आहे.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक काम सांगतो. समुद्र नको, विंकलरची रसायनं नकोत. काचेच्या दोन सारख्या आकाराच्या रुंद तोंडाच्या बरण्या घ्या, घट्ट बुचं घ्या, प्रत्येक बुचातून एक बारीक काचनळी काढा. मलमलच्या पुरचुंडीत सोडा-लाइम बांधून आत टांगा, म्हणजे सुटणारा कर्बवायू शोषला जाईल. एका बरणीत शंखी गोगलगाय ठेवा, दुसरीत तेवढ्याच आकाराचा रिकामा शंख. नळीत लाल शाईचा थेंब सोडा. प्राणवायू वापरला जाईल तसा थेंब आत सरकेल. खोलीच्या तापमानाने दोन्ही थेंब हलतील, म्हणून रिकाम्या शंखाच्या बरणीतली हालचाल वजा करायची. आधी चार दिवस उपाशी ठेवलेल्या गोगलगायीवर मोजा. मग तिला पोटभर कोबी घाला, पान काढून घ्या आणि पुन्हा मोजा. पान बरणीत राहू देऊ नका, ते स्वतः श्वास घेतं आणि तुमचा आकडा बिघडवतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कारण ती रात्रीची आहे. वहीत प्रत्येक आकड्यासमोर तिने शेवटचं कधी खाल्लं ते लिहा. दोन मोजण्यांच्या मध्ये बरणी उघडून हवा बदला. हातमोजे घाला, या गोगलगायीत माणसाला अपाय करणारे कृमी असू शकतात, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. प्रयोग संपला की तिला परत वावरात सोडू नका.